ज्याचा चेहरा, त्याच्या घरी

रघुनाथ साळवे बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघायचे नाहीत, कानाकडे बघायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, माझ्या कानातलं तिरकं झालंय. मी दोनदा चाचपून पाहिलं. तेव्हा म्हणाले, "कानातलं ठीक आहे हो. मी कान बघतोय. नाक-डोळे सगळेच चित्रकार मन लावून काढतात. कान मात्र उरकून टाकतात. बटाट्याच्या भज्यासारखे. मग सगळी माणसं सारखी दिसणार नाहीत तर काय?"

मी तेव्हा नुकतीच साकीनाक्याच्या एका गाळ्यात नोकरीला लागले होते. खाली छापखाना आणि वर लाकडी माळ्यावर आमचं ऑफिस. मशीन चालू झालं की माळा थरथरायचा आणि चहाच्या पेल्यात बारीक लाटा उठायच्या. आम्ही कॉमिक्स काढायचो, मराठीत आणि हिंदीत. त्या काळात कॉमिक्सना काय दिवस होते! स्टॉलवर अंक दोरीला टांगलेले असत आणि गल्लोगल्ली भाड्यानं कॉमिक्स देणारी दुकानं होती. माझं काम चित्रांतल्या फुग्यांमध्ये हातानं अक्षरं भरायचं. साळवे पान काढायचे, शाई वाळली की ते माझ्या टेबलावर यायचं, आणि मी त्यात 'थांब, नराधमा!' वगैरे वळणदार अक्षरात लिहायचे. म्हणजे त्यांचं प्रत्येक पान सगळ्यात आधी बघायचा मान माझा.

आमच्या कंपनीचा सगळ्यात खपणारा नायक होता 'दर्याबहाद्दर'. एकटा माणूस, एक होडी, आणि समुद्रावरचे सगळे चोर-दरोडेखोर त्याचे वैरी. गोष्टी साध्याच असायच्या. पण त्या माणसाचा चेहरा एकदा बघितला की विसरायचा नाही. रुंद कपाळ, एका भुवईत कापल्याची खूण, खालचा ओठ थोडा पुढे, जणू आत्ताच कुणाला तरी ऐकवणार आहे. हा चेहरा साळव्यांनी मनातून काढलेला नव्हता. तो त्यांच्या थोरल्या भावाचा होता.

नामदेवदादा गोदीत माल उतरवायचे. साताऱ्याकडून ते आधी आले आणि मग धाकट्या भावाला घेऊन आले. घाटकोपरला डोंगराच्या उतारावर झोपडं बांधलं, आणि पाठीवर गोणी वाहून भावाला चित्रकलेच्या शाळेत घातलं. वस्तीत लोक हसायचे. "पोरगं चित्रं काढून काय खाणार?" दादा म्हणायचे, "माझं डोकं खातंय की. अजून काय पायजे?" हे साळवे मला सांगायचे तेव्हा दादांचा आवाज काढून सांगायचे. कुणाची नक्कल त्यांनी आवाजानं केली ती एवढीच. बाकी सगळ्या नकला ते बोरूनं करायचे.

पटकथेत लेखक लिहून मोकळा व्हायचा, 'बाजारात गर्दी'. इतर चित्रकार पुढे दोन माणसं काढायचे आणि मागे डोक्यांच्या जागी नुसती अंडी मांडायचे. साळवे भडकायचे. "गर्दी नावाचा माणूस मला अजून भेटलेला नाही," म्हणायचे. मग ते बाजार भरायचे, आणि सगळा बाजार त्यांच्या वस्तीचा असायचा. पिठाच्या गिरणीवाला राजाच्या डोक्यावर चवरी ढाळायचा. बांगड्या विकणारी शेवंताबाई नगरशेटाची बायको व्हायची. रथ हाकायला रॉकेलच्या गाडीवाला. मी एकदा विचारलं, "त्यांना माहीत आहे का हे?"

"कशाला सांगू? मानधन मागतील."

देवादिकांची कॉमिक्सही आम्ही काढायचो, कंपनीचे मालक शेठ सांगतील तशी. वस्तीतल्या बुद्धविहारात त्यावरून एकदा कुणीतरी त्यांना चारचौघांत टोकलं, की दीक्षा घेतलेल्या घरातला माणूस असली चित्रं काढतो. साळवे उठून म्हणाले, "देव मी शेठच्या सांगण्यावरून काढतो. पण त्या देवांच्या राज्यात नाव कोण वल्हवतं, मडकी कोण करतं, रस्ता कोण झाडतं, ते तुम्ही पुराणात शोधा, सापडणार नाही. माझ्या पानात सापडेल." आणि चप्पल घालून घरी गेले. माणूस गोड नव्हता, हे आधीच सांगून ठेवते. त्यांचं कुणाशी ना कुणाशी नेहमीच वाजलेलं असायचं.

सगळ्यात मोठं वाजलं ते दर्याबहाद्दरच्या दिवाळी अंकावरून.

मुखपृष्ठावर साळव्यांनी दर्याबहाद्दर उन्हात उभा काढला होता. रंगही स्वतः दिला होता, तांबूस काळा, खांद्यावर ऊन चमकतंय असा. अंक बाजारात आला तेव्हा तो गुलाबी झाला होता. नुसता गोरा नव्हे, आंघोळ घालून पावडर लावलेल्या बाळासारखा गुलाबी. शेठनी परस्पर रंग बदलायला सांगितलं होतं.

दादा दर अंक विकत घ्यायचे. फुकट दिलेला नको, विकतच घेणार. त्या दिवशी ते गोदीतून घरी आले, अंक समोर धरला आणि हसत हसत म्हणाले, "रघ्या, मला पावडर कशाला लावलीस रे? लग्नाला नेतोस काय?"

"ते हसले ना, सुलभाबाई, त्याचाच त्रास झाला," साळवे मला म्हणाले. "चिडले असते तर पाय धरले असते. हसले, आणि अंक पालथा करून ठेवला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साळवे माळ्यावर आलेच नाहीत. ते खाली छापखान्यात गेले. पुढच्या अंकाची छपाई चालू होती आणि त्यातही दर्याबहाद्दर गुलाबीच होता. त्यांनी मशीनवाल्याला सांगितलं, बंद कर. तो ऐकेना, तेव्हा स्वतः हात घालून खटका पाडला. माळा थरथरायचा थांबला तसे आम्ही सगळे जिन्याशी धावलो. शेठ आपल्या केबिनमधून धोतर सावरत खाली उतरले.

"साळवे, डोकं फिरलं काय तुझं?"

"शेठ, हा माणूस वर्षातले आठ महिने समुद्रावर असतो. डोक्यावर छप्पर नाही. हा गोरा कसा?"

"अरे, हिरो आहे. काळा हिरो कोण विकत घेणार?"

"इतके दिवस घेत होते ते?"

"अजून जास्त घेतील. मार्केट मला शिकवू नको. पोरांना काळा म्हणजे राक्षस वाटतो."

"का वाटतो?" साळव्यांचा आवाज चढला. "आपण राक्षस काळे काढतो म्हणून वाटतो! पोरांच्या मनात ते कुणी भरलं? तुम्ही आणि मी!"

शेठनी मशीनकडे बघितलं. वाईट माणूस नव्हता तो. पण मशीन बंद होतं आणि कागद वाया चालला होता. "हे बघ, रंग कंपनी ठरवणार. पटत नसेल तर दरवाजा उघडा आहे."

आम्हाला वाटलं, साळवे आता निघून जाणार. ते वर आले, टेबलाशी बसले, आणि जेवणाच्या सुट्टीतही उठले नाहीत. संध्याकाळी एक पान माझ्याकडे आलं. दर्याबहाद्दरचा चेहरा, हात, छाती, सगळीकडे केसाएवढ्या बारीक काळ्या रेघा, एकीला एक लागून, वळणावर दाट, उन्हाकडे विरळ. आता रंगवणाऱ्यानं वरून कितीही गुलाबी ओतलं तरी माणूस काळाच दिसणार होता. कारण काळी शाई शेवटी छापली जाते, आणि ती चित्रकाराची असते.

"एवढ्या रेघा?" मी म्हणाले. "दर चौकोनात?"

"दर चौकोनात."

"अहो, हात राहील का?"

"माझा हात आहे," ते म्हणाले. "कंपनीचा नाही."

एरवी जितक्या वेळात दोन पानं व्हायची तितक्यात आता एक होई. पानामागे पैसे मिळायचे, त्यामुळे कमाई निम्म्यावर आली. घरी बायकोची बोलणी खाल्ली. बोटांना गोळे यायचे, मग गरम पाण्याच्या तांब्याला हात लावून बसायचे. शेठनी दोन अंक बघितलं, तिसऱ्याला दर्याबहाद्दर त्यांच्याकडून काढून घेतला आणि त्यांना भुताखेतांच्या गोष्टी दिल्या. साळव्यांनी ब्र काढला नाही. पुढच्या अंकात राक्षस आला तो गोरापान, दुहेरी हनुवटीचा, सोनेरी काडीचा चष्मा लावणारा, धोतर सावरत गुहेचा जिना उतरणारा. मी फुग्यात अक्षरं भरताना हात थांबवून हसले. आख्ख्या ऑफिसनं ओळखला. आम्ही शेठच्या केबिनकडे बघत बसलो.

शेठ पान घेऊन बाहेर आले. बराच वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हा राक्षस छान आहे, साळवे. काय तेज आहे चेहऱ्यावर!" आणि ते पान फ्रेम करून त्यांनी केबिनमध्ये लावलं. त्यांनी स्वतःला ओळखलं होतं की नाही, ते मला आजही सांगता येणार नाही. दिवाळीच्या पूजेला त्या फ्रेमलाही हार असायचा. साळवे त्यावर कधी बोलले नाहीत, पण मला वाटतं, त्या दिवसापासून त्यांचा शेठवरचा राग थोडा उतरला.

दर्याबहाद्दर वर्षभरानं त्यांच्याकडे परत आला, कारण दुसऱ्या कुणाला ती होडी चालवता येईना. रेघा चालूच राहिल्या. रंगवणाऱ्या गोडबोल्यांशी मात्र साळव्यांनी धरला तो अबोला सोडलाच नाही. तो बिचारा हुकमाचा ताबेदार होता. मी तसं म्हटलं तर उत्तर आलं, "हुकूम पाळताना त्यानं एकदा तरी मान वर केली का?" तो अन्याय होता, असं मला अजून वाटतं.

मग घरोघरी टीव्ही आले, केबल आली. स्टॉलवरच्या दोऱ्या रिकाम्या होत गेल्या. शेठनी गाळा विकायला काढला. आम्ही शेवटचा पगार घ्यायला गेलो तेव्हा सगळ्या वर्षांची मूळ पानं, म्हणजे साळव्यांच्या हातची पानं, गठ्ठे बांधून रद्दीच्या टेम्पोची वाट बघत जिन्याखाली पडली होती. साळवे बघून परत गेले. दोन-तीन तासांत गोदीतले चार हमाल घेऊन आले. पुढे नामदेवदादा, केस पिकलेले, पण छाती तशीच. मी त्यांना प्रथमच बघत होते आणि तरी दर अंकात भेटलेला माणूस समोर उभा होता.

"साळवे, माल कंपनीचा आहे," शेठ म्हणाले.

"कागद कंपनीचा. माणसं माझी."

दादांनी पहिला गठ्ठा पाठीवर घेतला. त्यांना कोण अडवणार? शेठ बाजूला झाले. फक्त म्हणाले, "तो राक्षस माझ्याकडे राहू दे." साळवे म्हणाले, "तो तुमचाच आहे."

मधल्या वर्षांत त्यांनी काय केलं नाही? दुकानांच्या पाट्या, डॉक्टरी पुस्तकातली आतडी, लग्नपत्रिका. एका जाहिरात कंपनीत गोरं करणाऱ्या क्रीमच्या जाहिरातीची चित्रंही काढली. मला ते स्वतःच म्हणाले, "काढली. माझ्या वैशालीला नर्सिंगला घालायचं होतं. शेवटच्या चौकोनात बाई गोरी होते ना, तिथं तिचा चेहरा सगळ्यात कंटाळलेला काढला. त्यांच्या लक्षात नाही आलं." दादा गेले, साळव्यांची बायको गेली. डोंगरावरची वस्ती पाडून तिथं बिल्डरनं इमारती उभ्या केल्या. त्या होईपर्यंत संक्रमण शिबिरात एका खोलीत सगळे राहिले, आणि त्या खोलीत कपाट नव्हतं, पण पानांचे गठ्ठे होते. साळवे त्यांच्यावर अंथरूण घालून झोपायचे.

गेल्या वर्षी वैशालीचा फोन आला. "मावशी, रविवारी याल का? बाबांना भेटायला एका कंपनीचा माणूस येतोय. भांडण होणार, मला माहितेय. तुम्ही असलात तर कमी होईल."

मी मुलुंडहून रिक्षानं गेले. वस्तीच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत सातव्या मजल्यावरची लहानशी खोली, खिडकीतून विमानं अगदी जवळ दिसणारी. साळवे ऐंशीच्या पुढचे, हात सतत थरथरणारा, नजर मात्र तशीच माझ्या कानाकडे. समोर एक तरुण बसला होता, नम्र, सगळ्यांना वाकून नमस्कार करणारा. एका कंपनीनं शेठच्या मुलांकडून दर्याबहाद्दरचे हक्क विकत घेतले होते. आता त्याची मोबाइलवर मालिका येणार होती. अंधेरीला मोठ्या हॉटेलात सोहळा होता. साळव्यांनी यावं, शाल घ्यावी, कॅमेऱ्यासमोर दर्याबहाद्दर काढून दाखवावा, आणि मूळ पानं कंपनीच्या संग्रहाला द्यावीत. मोबदला चांगला होता.

"नवा कसा दिसतो तो?" साळव्यांनी विचारलं.

त्यानं टॅबलेट पुढे केला. उंच नाक, निळसर डोळे, दगडात कोरल्यासारखं पोट, आणि रंग दुधाचा. भुवईतली खूण तेवढी ठेवली होती.

"हा कोण?"

"सर, आपला दर्याबहाद्दर. जरा इंटरनॅशनल लूक दिलाय. आजकाल मार्केट..."

साळवे हसायला लागले. हसता हसता खोकला आला, वैशालीनं पाणी दिलं. "सुलभाबाई, ऐकलं? मार्केट! शेठ गेला, गाळा गेला, कॉमिक्स गेली. तेवढा शब्द राहिला." मग त्या मुलाकडे वळून अगदी शांतपणे म्हणाले, "बाळ, तुझा राग नाही. पण हा माझा भाऊ नाही. ह्याच्यासाठी मी शाल घेणार नाही आणि पानं देणार नाही. तुमचा सोहळा कधी आहे?"

"पुढच्या रविवारी, सर."

"मग पुढच्या रविवारी माझाही आहे. इथं."

त्या रविवारी मी सकाळीच पोचले. सातव्या मजल्यापासून तळापर्यंत जिन्याच्या कठड्याला कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी बांधली होती आणि तिला प्लॅस्टिकच्या चिमट्यांनी पानं लावली होती. वैशाली, मी आणि साळवे दुपारपर्यंत चिमटे लावत होतो. निमंत्रण कुणालाच नव्हतं. लोक आपापल्या कामाला जिना उतरत होते आणि थबकत होते.

पहिली ओरडली ती तिसऱ्या मजल्यावरची मंदाताई. "अगं बाई! ही आई!"

नगरशेटाची बायको, अंगभर दागिने, हत्तीच्या अंबारीत. बांगड्या विकणारी शेवंताबाई.

मंदाताई पानाला हात लावायला घाबरत होती. "आमच्याकडं आईचा फोटो नाही, काका. काढलाच नाही कधी. झोपडी जळाली त्यात रेशनकार्डसुद्धा गेलं. मला तर तिचा चेहरा... मला वाटलं, मी विसरले."

तोवर जिन्यात गलका झाला होता. हा माझा बाप, रथावर! ही बघ आत्या, पाणी भरतीये! अगं, आपला रहीमचाचा दरबारात बसलाय! खालचे वर येत होते, वरचे खाली. साळवे सगळं ऐकत पायरीवर बसले होते. मग म्हणाले, "वैशू, कात्री आण."

"बाबा, नको."

"आण म्हटलं ना."

नेमका तेव्हाच तो कंपनीचा तरुण जिना चढून आला. सोहळा सोडून का आला होता, कोण जाणे. बहुतेक शेवटचा प्रयत्न करायला. साळव्यांनी मंदाताईच्या आईचं पान गुडघ्यावर घेतलं होतं. वैशालीनं ते दोन्ही बाजूंनी धरलं होतं, कारण त्यांचा हात थरथरत होता.

"सर! काय करताय? ओरिजिनल आहे ते! ह्याला किंमत आहे, सर!"

"माहितेय," साळवे म्हणाले. "उगाच का देतोय?" आणि त्यांनी कात्री चालवली.

हत्ती राहिला, अंबारी राहिली, शेवंताबाई मंदाताईच्या ओंजळीत गेली. अंबारीशेजारी दर्याबहाद्दर उभा होता, त्याचा अर्धा खांदा तिच्याबरोबर कापला गेला. मी त्या खांद्याकडे बोट दाखवलं. "अहो, दादा..."

"दादा पानोपानी आहेत. त्यांनी आयुष्यभर खांदाच दिला लोकांना."

मग रांग लागली. ज्याचा माणूस सापडेल त्यानं पान काढून आणायचं, साळवे कापून देणार. संध्याकाळपर्यंत रथ सारथ्याविना झाले, राजावर चवरी ढाळायला कुणी उरलं नाही, बाजारांना भोकं पडली. कंपनीचा मुलगा पायरीवर बसून राहिला होता. नंतर मी पाहिलं तर तोही पानं धरायला लागला होता.

साळवे त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत. उन्हाळ्यात गेले, झोपेत. मी बाहेरगावी होते, पोचू शकले नाही. त्यामुळे माझं शेवटचं बघणं त्या रविवारचंच.

मी निघायच्या बेतात होते आणि इमारतीचा सेक्रेटरी जाधव वर आला. पन्नाशीचा, तापट माणूस. "काका, हे काय चालवलंय? पॅसेज मोकळा पाहिजे. कुणाची परवानगी घेतली? हे उतरवा सगळं."

"नोटीस दे," साळवे मान वर न करता म्हणाले. "मराठीत दे. शुद्ध."

जाधवची नजर शेजारच्या पानावर गेली. तो एकेक पान बघत खाली गेला आणि बऱ्याच वेळानं वर आला. आवाज बदललेला होता. "काका, आमचे अण्णा कुठंच दिसत नाहीत."

"नाही काढला. नळावरून मला शिव्या दिल्या होत्या त्यानं. मला आवडायचा नाही तुझा बाप."

जाधव तसाच उभा राहिला. 

"उभा काय राहिलास?" साळवे म्हणाले. "बस इथं. वैशू, कागद दे. जाड दे."

ती म्हणाली, "बाबा, हात बघा तुमचा."

"हात मी बघतो. तू कागद दे."

जाधव त्यांच्या खालच्या पायरीवर बसला. साळव्यांनी कागद गुडघ्यावर ठेवला आणि पहिली रेघ ओढली. ती वाकडी गेली. त्यांनी ती खोडली नाही, तिच्यावरूनच पुढे गेले. मी लिफ्टमध्ये शिरले तेव्हा ते विचारत होते, "मिशी होती ना त्याला? कशी होती, दाखव." आणि तो तापट माणूस दोन्ही हातांची बोटं ओठांवर धरून आपल्या बापाची मिशी दाखवत होता.